गॅरेजात ठोकून केलेली ॲल्युमिनियमची बॉडी

२०२५ च्या जूनमध्ये मी घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळाला. तेव्हापासून इंजिनबद्दल एक आणि बॉडीबद्दल दहा प्रश्न येताहेत. इंजिनचं काय, जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेलं आहे, बाजारात मिळतं. बॉडी मात्र सपाट ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून हाताने ठोकून केली, तीही इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजात, जिथे गाडी आत घेतली की तिचं दार धड उघडत नाही. मी पेशाने वायरिंगचा इंजिनिअर; पत्रा हा माझा प्रांत नव्हे. सुरुवातीला कुणीतरी हे सगळं क्रमाने, खर्चासकट आणि न फुगवता सांगावं असं फार वाटायचं. म्हणून लिहून ठेवतोय.

चेसिस २०२१ च्या दिवाळीत चाकांवर उभी राहिली. चौकोनी पोलादी नळ्यांची, दोघांपुरती, पुढे इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. इथून पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसायचा मोह अनावर होतो. मी आधी नियमांची पुस्तिका उघडली, आणि माझ्यामागून येणाऱ्यांनीही तेच करावं.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे आयव्हीए, ही तपासणी पास व्हावी लागते. १९९८ पासून एसव्हीए (सिंगल व्हेइकल अप्रूव्हल) ही तपासणी होती, २००९ मध्ये तिच्या जागी आयव्हीए आली. पुस्तिका सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. भाषा रुक्ष, पण बॉडीचा निम्मा आराखडा तिच्यातच आहे. हेडलाइटची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर वर हवी. मडगार्डने टायरची पूर्ण रुंदी झाकायला हवी, तीही चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या पट्ट्यात. मागचा फॉग लॅम्प मधोमध किंवा उजवीकडे. मागच्या नंबर प्लेटला पुरेशी सपाट जागा. आणि सगळ्यांत जाचक नियम कडांचा: १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे जिथे टेकू शकतो, तिथे कडेची त्रिज्या अडीच मिलिमीटरपेक्षा कमी नको. थोडे अपवाद आहेत, पण अपवादांच्या भरवशावर आकार काढू नये.

विंडस्क्रीनचा निर्णयही इथेच घेऊन टाकला. काच लावली की वायपर, वॉशर आणि काचेवरचं धुकं घालवणारी हवा, सगळंच तपासणीत येतं. काच नसेल तर ते सगळं टळतं. आमची गाडी उन्हाळ्यातल्या रविवारची, त्यामुळे काचेवर काट मारली. बायको म्हणाली, "अरे, मग तोंडात माश्या जातील." जातात.

डिसेंबरपासून आराखडा सुरू झाला. वॉलपेपरच्या खाली लावतात तो जाड पांढरा कागद गुंडाळ्यांनी स्वस्तात मिळतो. तो गॅरेजच्या भिंतीवर चिकटवून गाडीची बाजू पूर्ण आकारात काढली. आधी न हलणारे बिंदू: रेडिएटरचा माथा, इंजिनवरचं हवेचं झाकण, स्टिअरिंग, बसल्यावर माझं डोकं, दिव्यांची उंची. मग या बिंदूंवरून लाकडाची लवचीक पट्टी वाकवून रेघ मारायची. पट्टी जिथे कुरकुरते तिथे डोळाही खटकतो, हे मला फार उपयोगी पडलं. जोडीला एकास पाच मापाचं थर्मोकोलचं मॉडेल केलं. संगणकावरही काढून पाहिलं, पण पडद्यावर सगळंच देखणं दिसतं. भिंतीवरच्या रेघेसमोर खुर्ची टाकून बसलं की नाक फार लांब झालंय हे लगेच कळतं.

याच काळात माझा एक पक्का समज झाला आणि तो अजून बदललेला नाही. हाताने करायच्या बॉडीचं डिझाइन म्हणजे जोड कुठे येणार हे ठरवणं. पत्रा एका दिशेने वाकवायला गुडघासुद्धा पुरतो. दोन्ही दिशांनी गोलाई हवी असेल तर मधला पत्रा ताणावा लागतो किंवा कडेचा आक्रसवावा लागतो, आणि दोन्हीला कसब लागतं. लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी १९५७ साली आली तेव्हा तिचं नाकसुद्धा ॲल्युमिनियमचं होतं. १९६० मध्ये दुसरी मालिका आली तेव्हा नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे झाले, बाजू मात्र सपाट ॲल्युमिनियमच्याच राहिल्या. अवघड गोलाई नेमकी कुठे आहे हे त्यावरून कळतं. मी माझ्या रेखाटनावर लाल पेन्सिलने जोड मारत गेलो आणि एकेका तुकड्याला विचारलं, हा मला जमेल का? जमणार नाही त्याचे दोन केले. नाकाचे चार भाग झाले: माथा, दोन गाल, आणि रेडिएटरच्या तोंडाभोवतीची कड. बाजू जवळजवळ सपाट ठेवल्या; जवळजवळ एवढ्यासाठी की अगदी सपाट पत्रा डबडब वाजतो आणि उन्हात लाटा दाखवतो. किंचित फुगीर असला की ताठ राहतो. पुढची मडगार्डं चाकाबरोबर वळणारी, सुटी. मागची बॉडीला रिव्हेट केलेली.

मार्च २०२२ मध्ये दोन दिवसांचा पत्रा घडवायचा कोर्स केला. ४५० पाउंड. महाग वाटला, पण त्याआधी एकही हत्यार घेऊ नका असंच सांगेन. कोर्सला गेलो नसतो तर निम्मी खरेदी वाया गेली असती. तिथेच एका आजोबांची ओळख झाली. त्यांची हयात कोव्हेंट्रीत पॅनल बीटर, म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून घडवणारे, म्हणून गेलेली. हे शहर एके काळी याच कामावर जगायचं; जॅग्वारच्या सी-टाइप, डी-टाइप या रेसिंग गाड्यांचे पत्रे इथल्याच ॲबी पॅनल्समध्ये घडले. आजोबा नंतर अधूनमधून चहाला यायचे, पत्र्यावरून तळहात फिरवायचे आणि बोटाने एक जागा दाखवून गप्प बसायचे. तिथे हमखास उंचवटा असायचा. तळहाताला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही, हे त्यांच्याकडून घेतलं. पातळ सुती हातमोजा घातला तर आणखी नीट कळतं.

हत्यारं जमवताना घाई केली नाही. वाळूची चामडी पिशवी, लाकडी मोगरी, नायलॉनची मोगरी, आरशासारखे घासलेले दोन हातोडे, वेगवेगळ्या गोलाईचे पोलादी ठोकळे, पत्र्याची डावी-उजवी कात्री, आणि कडा आक्रसवणारं-ताणणारं हाताने दाबायचं यंत्र. मोठा खर्च इंग्लिश व्हीलचा. इथले जुने लोक त्याला व्हीलिंग मशीन म्हणतात. वर सपाट चाक, खाली किंचित फुगीर चाक, आणि मधून पत्रा मागेपुढे फिरवायचा. मी वापरलेलं घेतलं, ६०० पाउंडांना. घेण्याआधी दोन्ही चाकांवर नख फिरवून पाहा. चाकावरचा एक ओरखडा तुमच्या प्रत्येक पत्र्यावर छापला जातो.

पत्रा कुठला, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. गोलाईच्या भागांना १०५० एच-१४ घेतला: ९९.५ टक्के शुद्ध ॲल्युमिनियम, अर्धवट कडक, दीड मिलिमीटर जाडीचा. बाजूंच्या सपाट भागांना ५२५१ हा मिश्रधातू, जरा ताठ, १.२ मिलिमीटर. २५०० बाय १२५० मिलिमीटरचा दीड मिलिमीटर जाड पत्रा सुमारे साडेबारा किलोचा असतो, एकटा माणूस उचलू शकतो, पण वाऱ्याच्या दिवशी उचलू नये. तेव्हा एकाला ७५ पाउंडांच्या आसपास पडायचे. ६००० क्रमांकाच्या मालिकेतले कडक मिश्रधातू नाकासाठी घेऊ नका, वाकताना तडकतात.

लाकडी साचा उन्हाळ्यात झाला. ९ मिलिमीटर प्लायवूडचे उभे-आडवे काप, दर १५० मिलिमीटरवर, खाचांत अडकवलेले. या साच्यावर पत्रा ठोकायचा नसतो. घडवलेला तुकडा त्यावर ठेवून कुठे टेकतो, कुठे उचलला जातो हे पाहायचं असतं. साच्यावर आधी तपकिरी कागद बसवला. कागद जिथे चुण्या पाडतो तिथे पत्रा आक्रसवावा लागणार, जिथे फाटतो तिथे ताणावा लागणार. चुण्या आणि फाटलेल्या जागा यांवर पेनने खुणा करून तोच कागद पत्र्यावर ठेवायचा. कामाचा नकाशा हातात येतो.

जानेवारी २०२३ मध्ये नाकाचा डावा गाल घेतला. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं याचीच आवृत्ती आहे.

पत्रा कापल्यावर कडा कानशीने गुळगुळीत केल्या, नाहीतर ताणताना बारीक खाचेतूनच तडा जातो. मग पत्रा नरम करायचा. ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. ६६० अंशांना थेट वितळून भोक पडतं, आधी काही कळत नाही. म्हणून पत्र्यावर अंगाच्या साबणाची वडी कोरडी घासायची आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत सतत हलती ठेवायची. साबण आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि काळा पडला की ज्योत लगेच पुढे सरकवायची. थंड झाल्यावर तोच ताठ पत्रा हातात लुळा पडतो. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मी उगाचच तो कोपरा चार वेळा वाकवून पाहिला.

आता पिशवीवर मोगरीने ठोकायला घ्यायचं, कडेपासून आत, ओळीने. पत्रा या टप्प्यावर इतका ओबडधोबड दिसतो की फेकून द्यावासा वाटतो. अक्रोडासारखा. फेकू नका, तो तसाच दिसतो. ठोकता ठोकता आवाज बदलतो: सुरुवातीला बद्द वाजणारा पत्रा खणखणू लागला की तो पुन्हा कडक झालाय, परत साबण आणि ज्योत. मग इंग्लिश व्हील. दाब कमी, ओळी जवळजवळ आणि सरळ. दाब वाढवून काम लवकर उरकू म्हटलं तर कडा लोंबतात. गालाला जिथे खालून आत वळायचं होतं तिथे कडेचा पत्रा जास्त होत होता. तिथे चिमट्याने चुणी घालायची आणि चुणीच्या टोकाकडून ती ठोकून पत्र्यातच जिरवायची.

शेवटी मठारणं. आत पोलादी ठोकळा धरून बाहेरून घासलेल्या हातोड्याने हलके, एकावर एक ठोके. आई व्हिडिओ कॉलवर हे ऐकून म्हणाली, "अरे, हा तर आपल्या तांबट आळीतला आवाज!" आमचं जुनं घर पुण्यात कसब्यातच, तेव्हा तिच्या कानाला दाद द्यायला हवी. शेजाऱ्यांच्या कानांचा विचार मात्र आधीच केला होता: ठोकठोक शनिवारी दुपारी आणि आठवड्यात संध्याकाळी सातच्या आत, आणि दोन्ही बाजूंच्या घरांना कामाची कल्पना दिलेली. त्यामुळे तक्रार कधीच आली नाही, उलट शेजारच्या मुलाने कानस धरायला शिकून घेतलं.

चार भाग तयार झाल्यावर एप्रिलमध्ये जोडायला घेतले. टिग (विजेच्या ठिणगीने करायचं) वेल्डिंग की गॅस, यावर माणसं तासन् तास वाद घालतात. टिगचा जोड कडक होतो, त्यावर हातोडा चालवताना कडेने तडा जायची भीती. ऑक्सि-ॲसिटिलीनचा जोड नरम राहतो आणि मठारून सपाट करता येतो, म्हणून मी गॅस निवडला. फ्लक्स, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून आधी लावतात ती पूड, जळताना डोळ्यांसमोर झगझगीत पिवळा उजेड पसरतो आणि नेहमीच्या हिरव्या चष्म्यातून वितळलेला थेंब दिसतच नाही. ॲल्युमिनियमसाठीचा खास चष्मा घ्या, ९० पाउंड गेले तरी. जोड झाला की त्याच दिवशी गरम पाणी आणि ब्रशने फ्लक्स धुऊन काढा. राहिलेला फ्लक्स पत्रा खातो आणि रंगाखाली पांढरी पूड करतो. आणि घरी ॲसिटिलीनची टाकी ठेवत असाल तर घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा. आमच्या हप्त्यात फरक पडला नाही, पण कळवल्याचं पत्र फाइलमध्ये आहे.

जोड मठारून झाल्यावर वक्र दातांची लांब कानस हलकेच फिरवायची. उंचवटे चमकतात, खड्डे मळकट राहतात. खड्डा आतून उचलायचा आणि पुन्हा कानस. उंचवटे कानशीने खाऊन टाकायचे नाहीत, दीड मिलिमीटरचा पत्रा बघता बघता एकचा होतो.

मडगार्डांच्या कडांना जुनी पद्धत वापरली: पत्र्याच्या कडेला ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार ठेवून करंजीला घालतात तशी मुरड. तारेच्या व्यासाच्या अडीचपट पत्रा जादा सोडायचा, म्हणजे इथे साडेबारा मिलिमीटर. १९५० च्या दशकातल्या रेसिंग गाड्यांच्या चाकांवरच्या कमानी अशाच आहेत. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जाऊन वाकून, खालून पाहून घ्या, रखवालदार हसतो फक्त. ही मुरड कडेला ताठपणा देते. शिवाय तार आणि दोन्ही बाजूंचा पत्रा धरून गोलाई ८ मिलिमीटर व्यासाची होते, म्हणजे त्रिज्या चार. आयव्हीएच्या अडीच मिलिमीटरच्या नियमात आपसूक बसते. रबराची पट्टी चिकटवून कडा लपवणारे बरेच असतात. चालतं, पण मला ती पट्टी बघवत नाही.

२०२४ चा उन्हाळा बसवण्यात गेला. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम गंजतं, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मिलानच्या तूरिंग कंपनीने १९३६ मध्ये सुपरलेजेरा पद्धतीचं पेटंट घेतलं: बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. त्या काळच्या अनेक गाड्या आज उघडल्या की नळी आणि पत्रा भेटतात तिथेच सडलेल्या सापडतात. मी नळ्यांना इपॉक्सी प्रायमर दिला, वर टेप, वर पॉलियुरेथेन सीलंट, आणि रिव्हेट ॲल्युमिनियमचे. दर रिव्हेटचं भोक पाडल्यावर पत्रा काढून दोन्ही बाजूंनी भोकाची धारदार कड साफ करायची. कंटाळवाणं आहे, गाणी लावा.

तपासणीआधी लाकडाचा १०० मिलिमीटरचा गोळा कातून घेतला, त्याला खडू फासला आणि गाडीभर फिरवला. जिथे खडू उमटला तिथे त्रिज्यामापक. आरशांच्या दांड्या, बॉनेटचे पट्टे, चाकांचे नट, सगळं त्यात आलं.

अर्ज २०२५ च्या जानेवारीत केला. फी ४५० पाउंड. त्याबरोबर गाडी आपण स्वतः, हौशी म्हणून बांधल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि पुरावा म्हणून फोटो आणि पावत्या. म्हणून पहिल्या दिवसापासून फोटो काढा, त्यात तुम्ही स्वतः आणि गॅरेज दिसू द्या, आणि दहा पाउंडांच्या रिव्हेटचीही पावती ठेवा. तारीख मिळायला दोन महिन्यांच्या वर लागले. नोंदणी नसलेली गाडी आधी ठरलेल्या तपासणीला चालवत नेता येते, पण विमा हवा, तो चेसिस क्रमांकावर मिळतो. मी ट्रेलर भाड्याने घेतला. मार्चमधल्या पावसात, काचेशिवाय, ४० मैल चालवण्याइतकी हौस नव्हती.

तपासणी सकाळपासून दुपारपर्यंत चालली. ब्रेक, वजन, दिवे, आरसे, आवाज (मर्यादा ९९ डेसिबल), आणि मग तो गोळा. तपासनीस शांत, नेमके आणि मदतीला तयार होते. मडगार्डांच्या मुरडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि पुढे गेले. बॉडीबद्दल एकच शेरा आला, एक्झॉस्टच्या टोकाच्या कडेचा. तिथे गोल ओठ वेल्ड करून पुन्हा नेली, ९० पाउंड भरले आणि प्रमाणपत्र हातात आलं.

मग डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे, स्वान्सीला, टपालाने: व्ही ५५/५ अर्ज, व्ही ६२७/१ हा बांधलेल्या गाडीचा तपशील, आयव्हीएचं प्रमाणपत्र, ओळखपत्रांच्या प्रती, पावत्या, फोटो, रस्ता कर आणि नोंदणीचे ५५ पाउंड. सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि रजिस्टर टपालाने पाठवा. उत्तराला जून उजाडला. माझे सुटे भाग वेगवेगळ्या सालच्या गाड्यांतले असल्यामुळे क्यू अक्षराचा नंबर मिळाला. त्यावर हौसेचा नंबर लावता येत नाही. विम्यासाठी मात्र घरी बांधलेल्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्यांकडेच जा, नेहमीच्या कंपन्यांच्या संगणकात क्यू बसत नाही.

पुण्याहून भाचा विचारतो, मामा, इथे करता येईल का? ठोकणं नक्की येईल, पत्रा आणि हात दोन्ही तिथे आहेत. नोंदणी अवघड. भारतात मोटार वाहन नियमावलीतल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने नमुना वाहन एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचं असतं. एकट्या हौशी माणसासाठी इथल्या आयव्हीएसारखी वाट नाही. जुन्या गाडीची बॉडी बदलू म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्याला मी सध्या एका जुन्या स्कूटरचं मडगार्ड घडवायला सांगितलंय, मूळ आकाराबरहुकूम.

खर्चाचं म्हणाल तर फक्त बॉडीपुरते पत्र्यांना ८०० पाउंड, हत्यारांना त्याच्या जवळपास दुप्पट, गॅस, फ्लक्स, सीलंट मिळून ५००, आणि वर कोर्स. हत्यारं विकली तर निम्मे पैसे परत येतील. व्हीलिंग मशीन विकणार नाही. रंग अजून दिलेला नाही. द्यायचा झाला तर आधी ॲल्युमिनियमला चालणारा एच (etch), म्हणजे पत्र्याला चावून धरणारा, प्रायमर लागेल, आणि त्याआधी उजव्या गालावरचा एक उंचवटा काढायचाय, जो फक्त आजोबांना आणि मला माहीत आहे.